पुलाला बक्षीस, पण नेमके कोणाला?

शाळेत विज्ञान प्रदर्शन भरते तेव्हा परीक्षकांपुढे नेहमीचीच अडचण असते. दिव्यांची उघडझाप करणारी प्रतिकृती लगेच डोळ्यांत भरते. कोपऱ्यात कुणी मुलीने सांडपाण्याचा शोषखड्डा नीट आकृत्यांसह मांडलेला असतो, पण त्याच्यापुढे गर्दी होत नाही. बक्षीस कशाला द्यायचे, कल्पनेला, मेहनतीला, दिसण्याला की उपयोगाला? आणि प्रतिकृती वडिलांनी करून दिली असेल तर बक्षीस कोणाचे?

हीच अडचण फार मोठ्या प्रमाणावर स्थापत्य अभियांत्रिकीच्या पुरस्कारांत येते. पूल, धरण, बोगदा, पूरसंरक्षक भिंत यांना आणि ती बांधणाऱ्या माणसांना दरवर्षी पुरस्कार देण्याची पद्धत अनेक देशांत आहे. ब्रिटनमध्ये हे पुरस्कार प्रदेशवार असतात. तेथील स्थापत्य अभियंत्यांची संस्था १८१८ साली स्थापन झाली आणि रस्ते, पूल व कालवे बांधणारा थॉमस टेलफर्ड तिचा पहिला अध्यक्ष झाला. या संस्थेच्या प्रादेशिक शाखा आपापल्या भागातल्या कामांचा गौरव करतात. स्कॉटलंडमध्ये सॉल्टायर सोसायटी या सांस्कृतिक संस्थेच्या साथीने हे पुरस्कार दिले जातात. वेल्समध्ये जॉर्ज गिबी यांच्या नावाचा पुरस्कार आहे. इंग्लंडच्या ईशान्य भागात, म्हणजे न्यूकॅसल आणि टाइन नदीच्या परिसरात, हे पुरस्कार रॉबर्ट स्टीफन्सनच्या नावाने दिले जात आले आहेत.

देशपातळीवरचा पुरस्कार असताना विभागवार पुरस्कार कशाला, असे कोणी विचारील. देशपातळीवर स्पर्धा झाली की राजधानीतला भुयारी रेल्वेमार्गच जिंकणार. एखाद्या गावाला दर पावसाळ्यात बुडवणाऱ्या ओढ्याचे काम त्याच्यापुढे कुठे टिकणार? विभागवार पुरस्कारांत मोठ्या खर्चाची आणि लहान खर्चाची कामे सहसा वेगवेगळी तोलतात आणि तरुण अभियंत्यांचाही गौरव करतात. परीक्षक त्याच परिसरातले असल्याने ओढा त्यांच्या माहितीचा असतो. हा मला या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा वाटतो. 

आता ज्याच्या नावाने पुरस्कार दिला जातो त्या माणसाकडे वळू, कारण बक्षीस कशाला द्यावे हा प्रश्न त्याच्या आयुष्यात फार तीव्रतेने उभा राहिला होता.

रॉबर्ट स्टीफन्सन १८०३ साली न्यूकॅसलजवळ जन्मला. वाफेच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज स्टीफन्सनचा हा मुलगा. १८२९ सालचे 'रॉकेट' इंजिन न्यूकॅसलच्या त्यांच्याच कारखान्यात तयार झाले. पुढे रेल्वेचे जाळे पसरू लागले तसा रॉबर्ट पुलांकडे वळला. चेस्टर गावाजवळ डी नदीवर त्याने एक रेल्वेपूल बांधला. पूल सप्टेंबर १८४६ मध्ये पुरा झाला. सरकारी रेल्वे निरीक्षकांनी तपासून मंजुरी दिली आणि गाड्या धावू लागल्या. २४ मे १८४७ रोजी एक गाडी जात असताना पुलाची एक तुळई मधोमध तुटली आणि डबे नदीत कोसळले. पाच माणसे मेली.

का तुटली? हे वर्गात दाखवणे अगदी सोपे आहे. खडूचा एक तुकडा घ्या. तो टेबलावर उभा धरून वरून अंगठ्याने दाबा. कितीही जोर लावला तरी तो सहसा चुरडत नाही. आता तोच खडू दोन्ही टोकांना धरून वाकवा. थोड्याशा जोराने तो तुटतो. वाकवताना वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. खडू दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून खालच्या बाजूने तडा सुरू होतो. ओतीव लोखंड, म्हणजे आपण ज्याला बीड म्हणतो ते, याच स्वभावाचे असते. दाब सोसण्याची त्याची ताकद ताण सोसण्याच्या ताकदीच्या पाच-सहा पट असते. हॉजकिन्सन या गणितज्ञाने प्रयोग करून हे त्या काळातच मोजले होते. म्हणूनच ओतीव लोखंडाच्या तुळईची खालची पट्टी वरच्या पट्टीपेक्षा खूप रुंद ठेवीत. 

डी पुलाच्या तुळया जवळजवळ ३० मीटर लांबीच्या होत्या. एवढी लांब तुळई एका ओतकामात होत नाही, म्हणून तीन तुकडे बोल्टांनी जोडले होते. ताण घ्यायला घडीव लोखंडाच्या सळया बाजूंना बसवल्या होत्या. घडीव लोखंड ताणाला चिवट असते, म्हणून कल्पना ठीक वाटत होती. पण सळया आणि तुळई मिळून काम करीत नव्हत्या. सळयांनी जो भार उचलायला हवा होता तो तुळईवरच राहिला. त्यात अपघाताच्या दिवशी रुळांखाली पाच इंच जाडीची खडी पसरली होती. दुसऱ्या एका पुलाच्या लाकडी फळ्यांना इंजिनाच्या ठिणग्यांनी आग लागली होती, तसे इथे होऊ नये म्हणून ही काळजी घेतली होती. एक धोका टाळण्यासाठी केलेल्या उपायाने दुसरा धोका वाढला. बांधकामांच्या इतिहासात असे वारंवार घडलेले आहे.

चौकशीत स्टीफन्सनने गाडी रुळावरून घसरून तुळईवर आदळली असावी, असा पवित्रा घेतला. त्या काळचे नामवंत अभियंते त्याच्या पाठीशी उभे राहिले. पण सैन्याच्या अभियंता दलातील कॅप्टन सिमन्स यांनी तपासणी करून उलट निष्कर्ष काढला. गाड्या जाता-येता तुळई पुन्हा पुन्हा वाकत होती आणि त्यातच ती मधोमध तुटली. ज्युरीने कोणा एकाला दोषी ठरवले नाही, पण अशा पुलांवर कडक टीका केली. रेल्वेच्या बांधकामांत लोखंड कसे वापरावे यावर विचार करायला त्याच वर्षी शाही आयोग नेमला गेला. आयोगाने एक वेगळाच प्रयोग करवून घेतला. लोखंडाच्या पट्ट्या यंत्राने हजारो वेळा वाकवून पाहिल्या. एकदाच ठेवलेला भार जी पट्टी सहज पेलते तीच त्याहून कमी भाराने पुन्हा पुन्हा वाकवली तर अखेर तुटते, असे दिसले. धातूला येणाऱ्या या थकव्याचा अभ्यास पुढे विमानांपर्यंत उपयोगी पडला. पोस्टाच्या पाकिटावरची तार किंवा टाचणी आपण पुढेमागे वाकवून तोडतो, तेव्हा हाच थकवा वापरतो.

आता कल्पना करा की १८४६ साली त्या भागात वार्षिक पुरस्कार असता. डी पूल नवा होता, मोठ्या नावाच्या अभियंत्याचा होता आणि सरकारी मंजुरी मिळालेला होता. परीक्षकांनी त्याला बक्षीस दिले नसते असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

त्याच वेळी न्यूकॅसलला स्टीफन्सनचे दुसरे काम चालू होते. टाइन नदीचे पात्र तेथे खोल घळीसारखे आहे. वरून रेल्वे आणि खालून घोडागाड्या व पादचारी जातील असा दुमजली पूल हवा होता. या 'हाय लेव्हल' पुलात त्याने धनुष्याची रचना वापरली. नदीवर सुमारे ३८ मीटरचे सहा गाळे. प्रत्येक गाळ्यात ओतीव लोखंडाची कमान आणि कमानीची दोन टोके बांधून ठेवणारी घडीव लोखंडाची दोरी, म्हणजेच प्रत्यंचा.

यातले मर्म मुलांच्या हाती देता येते. बांबूची पातळ कामटी घेऊन ती वाकवा आणि दोन उभ्या पुस्तकांच्या मध्ये कमानीसारखी अडकवा. कमानीवर बोट दाबले की पुस्तके बाहेर सरकतात. कमान नुसती खाली भार देत नाही, ती बाजूंनाही ढकलते. म्हणून दगडी कमानीच्या दोन्ही टोकांना भक्कम आधार लागतो. आता कामटीची दोन्ही टोके सुतळीने बांधा, धनुष्य करा, आणि दोन पुस्तकांच्या वर ठेवून पुन्हा दाबा. पुस्तके आता जागची हलत नाहीत. बाहेर ढकलणारा जोर सुतळीने आतल्या आत घेतला. सुतळीला बोट लावून पाहिले की ती किती ताठ झाली आहे ते कळते. 

घळीतून वर चढवलेल्या उंच, बारीक खांबांना बाजूचा रेटा सोसवला नसता. धनुष्य केल्याने खांबांवर फक्त सरळ खाली जाणारा भार राहिला. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कमानीत फक्त दाब येतो, तेथे ओतीव लोखंड. प्रत्यंचेत फक्त ताण येतो, तेथे घडीव लोखंड. डी पुलात एकाच तुकड्याकडून दोन्ही कामे करून घेण्याचा प्रयत्न होता, इथे प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे काम दिले. राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते सप्टेंबर १८४९ मध्ये पुलाचे उद्घाटन झाले. त्यावरून आजही रेल्वेगाड्या जातात. २००५ ते २००८ या काळात खालचा रस्ता बंद ठेवून पुलाची मोठी दुरुस्ती करण्यात आली. त्यानंतर तेथून बसगाड्या आणि टॅक्सी जाऊ लागल्या, त्याही एकाच दिशेने. दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या पुलाचे वय ओळखून त्याला झेपेल तेवढेच काम दिले, हा निर्णयही अभियांत्रिकीचाच भाग म्हणायला हवा. 

हाय लेव्हल पुलापासून नदीच्या प्रवाहाबरोबर थोडे खाली गेले की गेट्सहेड मिलेनियम पूल लागतो. तो सप्टेंबर २००१ मध्ये लोकांना खुला झाला. चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी बांधलेला हा पूल जहाज आले की पापणीसारखा उघडतो. चालायची वाट वक्र आहे आणि तिच्यावर सुमारे ५० मीटर उंच पोलादी कमान तिरकी उभी आहे. दोघींची टोके काठावरच्या एकाच बिजागरीत बसवलेली असून वाट आणि कमान तारांनी जोडलेल्या आहेत. पूल सुमारे ४० अंशांनी फिरतो, तेव्हा कमान एका बाजूला झुकते आणि वाट दुसऱ्या बाजूने वर येते. सी-सॉवर एक मूल खाली जाताना दुसऱ्याला उचलते, तसा कमानीचा भार वाटेच्या मदतीला येतो. म्हणून ८०० टनांहून जड असलेला हा सांगाडा साडेचार मिनिटांत उघडता येतो. कोणी वाटेवर टाकलेला कचरा पूल उघडताना आपोआप घरंगळत टोकाच्या सापळ्यात पडतो, हा वरचा नफा.

पुलाचा सांगाडा नदीच्या खालच्या अंगाला जुळवला आणि नोव्हेंबर २००० मध्ये एका प्रचंड तरंगत्या क्रेनने अखंड उचलून आणून जागेवर बसवला. २००२ साली या पुलाला स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचा आहे. पुलाची रचना विल्किन्सन आयर या वास्तुविशारदांची आणि अभियांत्रिकी गिफर्ड या कंपनीची. बातम्यांत पहिले नाव साहजिकच वास्तुविशारदांचे आले. बिजागरीवर किती टन भार येईल, वाऱ्याच्या झोताने उघडलेला पूल किती डोलेल हे हिशेब करणाऱ्यांची नावे सामान्य वाचकापर्यंत पोचत नाहीत. अभियंत्यांच्या संस्थेचे स्वतःचे पुरस्कार असावेत याचे एक कारण हेही आहे. (आपल्याकडे तर उद्घाटनाच्या कोनशिलेवर वास्तुविशारद आणि अभियंता दोघांचीही नावे बहुधा मंत्रिमहोदयांच्या नावाखाली बारीक अक्षरांत असतात.)

पुरस्काराची एक मर्यादा डी पुलाच्या उदाहरणात दिसलीच. बक्षीस काम पुरे झाल्यावर लगेच दिले जाते, पण बांधकामाची परीक्षा पुढे पन्नास-शंभर वर्षे चालू असते. लंडनचा थेम्सवरचा मिलेनियम पादचारी पूल जून २००० मध्ये उघडला तेव्हा लोकांच्या पावलांनी तो असा डोलू लागला की दोनच दिवसांत बंद करावा लागला. डोलणे शोषून घेणारी साधने बसवून तो फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. दुसरी मर्यादा अशी की जे काम उत्तम झाले त्याची कोणाला जाणीवच राहत नाही. पूर आला आणि गावात पाणी शिरले नाही, याची बातमी होत नाही. 

आता या गोष्टीतला महाराष्ट्राचा धागा पाहू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार अभियंता हाच रॉबर्ट स्टीफन्सन होता. त्याच्या हाताखाली शिकलेला जेम्स बर्कले या रेल्वेचा मुख्य अभियंता म्हणून १८५० साली मुंबईला आला. १८५३ साली मुंबई ते ठाणे गाडी धावली ती त्याच्या देखरेखीखाली. त्यानंतर बोरघाट. सुमारे २५ किलोमीटर अंतरात साडेपाचशे मीटरहून अधिक चढ, २५ बोगदे, काही ठिकाणी ३७ मीटरला एक मीटर अशी चढण. बर्कलेने १८६० साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे या रेल्वेवर निबंध वाचला. १८६२ साली, वयाची त्रेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, तो वारला. घाटातून गाडी सुरू झाली ती १८६३ मध्ये. 

घाटाच्या कामाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. पहिल्या कंत्राटदाराच्या काळात, १८५९ च्या आरंभी, मजुरी थकल्यावरून मजुरांचा उद्रेक झाला. त्याच्याकडून काम काढून सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराला दिले, पण मुंबईला आल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडले नाही. दोन व्यवस्थापक अभियंते हाताशी धरून तिने ते पुरे केले. बांधकामाच्या इतिहासात त्या काळच्या स्त्रीचे नाव इतक्या ठळकपणे क्वचितच येते. १८६१ च्या सुमारास घाटात एका वेळी ४०,००० हून अधिक माणसे खपत होती. कड्यावरून दोराने लोंबकळत सुरुंगाची भोके पाडणारे, डोक्यावरून माती वाहणारे स्त्री-पुरुष आणि मुले. पटकीने आणि तापाने त्यांतली हजारो दगावली. बर्कलेचे नाव, ट्रेडवेल दांपत्याचे नाव आज पुस्तकांत सापडते. खोपोलीच्या वरच्या कड्यात ज्यांनी पहारी चालवल्या त्यांची नावे सापडत नाहीत. विभागवार पुरस्कारांत आता माणसांसाठी स्वतंत्र गट असतात हे चांगलेच, पण तेही बहुधा शिकलेल्या अभियंत्यांपुरते असतात. फळी बांधणारा सुतार, सळया वाकवणारा फिटर, क्रेन चालवणारा यांच्याशिवाय एकही पूल उभा राहत नाही. 

बर्कलेच्या स्मरणार्थ मुंबई इलाख्यात स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला पारितोषिक दिले जाऊ लागले. १८८३ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून हे जेम्स बर्कले पारितोषिक मिळवणारा विद्यार्थी होता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूर संस्थानातला, परिस्थितीने गरीब. लगेच त्यांना मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी मिळाली आणि नाशिकला नेमणूक झाली. विद्यार्थ्याला वेळेवर मिळालेले बक्षीस काय करू शकते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. 

याच विश्वेश्वरय्यांनी खडकवासला धरणाच्या सांडव्यावर १९०३ च्या सुमारास स्वयंचलित दारे बसवली. पुण्याची पाण्याची गरज वाढत होती, पण जुन्या धरणाची भिंत उंच करणे खर्चाचे आणि धोक्याचे होते. सांडव्यावर दारे लावली तर पावसाळ्यानंतरचे पाणी काही फूट वर अडवता येते. पण पूर आला आणि दारे उघडायला माणूस वेळेवर पोचला नाही तर? त्यांनी दारांना वजने जोडून असा तोल साधला की पाणी ठराविक पातळीपुढे गेले की दारे आपोआप उघडावीत आणि पातळी उतरली की मिटावीत. भिंतीला हात न लावता साठा वाढला. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावे झाले. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर त्यांच्या स्वयंचलित दारांचा उपयोग झाला. 

त्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आपल्याकडे अभियंता दिन पाळला जातो आणि ठिकठिकाणी अभियंत्यांचे सत्कार होतात. शाळेला त्या आठवड्यात एक उपक्रम सहज करता येईल. आठवी-नववीच्या मुलांचे गट करून प्रत्येक गटाला गावातले एक बांधकाम द्यावे: ओढ्यावरची मोरी, पाझर तलाव, पाण्याची टाकी, जुनी दगडी बारव. मोरी असेल तर पावसाळ्यात किती पाणी येते, त्याच्या खुणा भिंतीवर कुठवर दिसतात, नळ्यांत गाळ किती बसला आहे, शेवटची सफाई कोणी आणि कधी केली, हे मुलांनी पाहावे आणि विचारावे. ती बांधली तेव्हा कामावर असलेले कोणी गावात आहे का याचाही शोध घ्यावा. बहुतेक गावांत असा एखादा गवंडी किंवा मुकादम सापडतो. पाया खणताना किती खोलीवर खडक लागला, हे त्याला तारखेसह आठवत असते. मुलांनी ते वहीत उतरून घ्यावे, शेजारी मोरीची मोजून काढलेली आकृती लावावी, आणि मगच वर्गाने आपले बक्षीस कशाला द्यायचे यावर वाद घालावा.